शिबिर जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

सुट्टीतल्या शाळा : लेखांक सहावा

मुलींच्या शिबिरांचे महाराष्ट्रातले प्रवाह मागच्या लेखांकात आले. १९११ साली जबलपूरला भारतातलं पहिलं गर्ल गाईड पथक सुरू झालं. आधी ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरतंच होतं, भारतीय मुलींना दार उघडायला आणखी काही वर्षं जावी लागली. १९३६ मध्ये वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली आणि १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल नव्यानं उभं राहिलं. समिती आणि सेवा दल विचारांनी एकमेकांपासून दोन टोकांना. तरी मुलीनं घराबाहेर मुक्काम करावा, मैदानावर धावावं, गटाची जबाबदारी अंगावर घ्यावी, ही रीत तिन्ही ठिकाणी आपापल्या परीनं रुजली. हा वारसा जपायचा विषय निघाला की बोलणं लगेच जागेवर येतं : अमुक मैदान, तमुक वसतिगृह, एखादी स्मरणशिला. माझं म्हणणं वेगळं आहे. शिबिर टिकतं ते त्याच्या दिनक्रमात आणि कागदपत्रांत, आणि आपण सगळ्यात आधी गमावतो तीही हीच दोन. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्याकडे पाहिलं की ही गोष्ट जास्त स्पष्ट होते.

आधी जागेचा पुरावा तपासू. इंग्लंडमधल्या हँपशायर परगण्यातलं फॉक्सलीज हे गाईड चळवळीला १९२२ मध्ये देणगी म्हणून मिळालेलं ठिकाण. मुलींच्या अनेक पिढ्या तिथं शिबिराला आल्या. तरीही २०२३ मध्ये तिथल्या गाईड संघटनेनं फॉक्सलीजसह आपली पाचही केंद्रं विकायचा निर्णय घेतला, कारण देखभालीचा खर्च पेलवेना. शंभर वर्षांची आपुलकी त्या हिशेबापुढे तोकडी पडली. उलट पुण्यातलं संगम हे जागतिक गाईड केंद्र १९६६ मध्ये लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते सुरू झालं, आणि आजही त्याची ओळख इमारतीपेक्षा तिथल्या प्रशिक्षणांमुळे आहे. निष्कर्ष सरळ आहे : कार्यक्रम जागेला जगवतो. नुसती जागा कार्यक्रमाला जगवेलच, याची हमी नाही. जागा हातची गेली तरी शिबिर दुसरीकडे भरवता येतं, पण ते कसं भरत होतं हे सांगणारं काहीच उरलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लोहारा परिसराला हा धडा फार महागात शिकावा लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास झालेल्या भूकंपानं सास्तूरसारखी गावं जमीनदोस्त केली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. पुढे ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. गावठाण बदललं, दगडमातीचे वाडे गेले, काँक्रीटची घरं आली. म्हणजे ‘मूळ जागा’ हा वारशाचा निकष धरला तर इथल्या कित्येक गावांना इतिहासच उरत नाही. प्रत्यक्षात गाव टिकलं, कारण नाती, यात्रा, शेतीचे व्यवहार आणि शाळा माणसांनी बरोबर नेल्या. याच काळात तालुक्यातल्या हराळीला ज्ञान प्रबोधिनीची निवासी शाळा आणि शेजारच्या नळदुर्गला पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानं ‘आपलं घर’ उभं राहिलं. आपत्तीनंतर मुलांना एकत्र राहायला, जेवायला, शिकायला शिस्तीचा दिनक्रम हवा असतो, हे ओळखून केलेली ही कामं. शिबिराचा गाभाही तोच.

मग जपायचं काय? शिबिराच्या कागदांत चार गोष्टी असतात : हजेरी, कामवाटपाचा तक्ता, कोठीची वही आणि पालकांची संमतिपत्रं. वरवर पाहता रद्दीत घालायचे कागद. पण नीट वाचले तर ते फार बोलतात. कामवाटपात पाणी भरणं, भाकरी थापणं, भांडी, मैदान झाडणं ही कामं रोज फिरत होती की ठरावीक मुलींच्याच वाट्याला येत होती, हे पाहिलं की जातीचा प्रश्न भाषणाविना समोर येतो. कोठीच्या वहीत ज्वारी, डाळ, तेलाबरोबर पाण्याच्या टँकरचा खर्च लिहिला असेल, तर मे महिन्यात मराठवाड्यात पन्नास मुलींना ठेवून घेणं म्हणजे काय, ते कळतं. संमतिपत्रावर वडिलांचीच सही आहे की आईचीही, आणि ती सही आहे की अंगठा, यावरून घरातल्या निर्णयाची दोरी कुणाच्या हातात होती याचा अंदाज येतो. स्मरणिकेतल्या समूहछायाचित्रात यातलं काहीही दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की शिबिर हा अनुभव आहे, वह्यांत तो पकडता येत नाही. खरं आहे. म्हणून कागदांच्या जोडीला आठवणींचं ध्वनिमुद्रण हवं. मुंबईतल्या ‘स्पॅरो’ या संस्थेनं १९८८ पासून स्त्रियांच्या मौखिक इतिहासाचं काम करून त्याची पद्धत घालून दिली आहे. पण आठवण सोयीचं तेवढंच धरून ठेवते, तिला ताळा करायला कागद लागतोच. दुसरा आक्षेप शिक्षकांचा : आधीच माहिती भरून भरून जीव मेटाकुटीला आलाय, त्यात हे आणखी. तो रास्त आहे. म्हणून नवा तक्ता मागू नये. शिबिर चालवताना जे लिहावंच लागतं तेवढंच फेकून न देता एका फाईलला लावून ठेवावं. तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर : अल्पवयीन मुलींची नावं-गावं अशी साठवणं धोक्याचं नाही का? आहे. त्यामुळे मूळ कागद संस्थेच्या कपाटात कुलपात राहावेत आणि बाहेर फक्त आकडे जावेत. जपणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता शेवटचा, आणि माझ्या मते निर्णायक मुद्दा. या भागात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे ऊसतोडीहून कुटुंबं परतण्याचा आणि लग्नसराईचा काळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. अशा महिन्यांत भरणाऱ्या मुलींच्या शिबिराची सलग हजेरी हा निव्वळ इतिहासाचा दस्तऐवज राहत नाही. गेल्या उन्हाळ्यात आलेली आठवीतली मुलगी यंदा का आली नाही, हा प्रश्न दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्याशिवाय सुचतच नाही. तो वेळेत सुचला तर शिक्षक तिच्या घरी जाऊ शकतात, ग्रामसेवकाला सांगू शकतात. बालविवाह रोखण्याची जबाबदारी कायद्यानं गावात त्याच्यावरच आहे. जुन्या याद्या जपण्याचं सर्वांत मोठं कारण हे. मैदानाला नाव देण्याचा समारंभ एका दिवसात उरकतो, यादी मात्र दरवर्षी लिहावी लागते आणि दरवर्षी वाचावीही लागते.

(पुढील लेखांकात : शिबिराचा खर्च कुणी उचलायचा?)