उकळूनही न जाणारे रसायन

शिरूर-दौंडच्या वस्त्यांत आरोग्याच्या बैठका घेताना बाया आम्हाला हमखास विचारतात, "ताई, पाणी उकळून प्यायलं की झालं ना?" जुलाब-कावीळ टाळायला हे आम्हीच शिकवले आणि ते बरोबरच आहे. पण कुरकुंभ, रांजणगावच्या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांनी पीफास हे नावही माहीत करून घ्यावे. न चिकटणारे तवे, पाणी न शोषणारे कापड, आग विझवायचा फेस यांत ही मानवनिर्मित रसायने वापरतात. उकळून मरायला ते जंतू नाहीत. पाणी आटते, रसायन राहते.

शरीरात ते टिकते कसे? रक्तात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते. हा रक्तातला हमाल. चरबीची आम्ले पाठीवर घेऊन तो अवयवांपर्यंत पोचवतो. पीफासचा रेणू या आम्लासारखाच दिसतो. हमाल फसतो, त्यालाही उचलतो. डीडीटी चरबीत साठते, पीफास मात्र रक्तात आणि यकृतात. मूत्रपिंडाने लघवीत सोडलेले पीफासही तिथली वाहक प्रथिने परत रक्तात ओढतात. म्हणून पीएफओए या प्रकाराचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच दोन-तीन वर्षे लागतात. भरपूर पाणी पिऊन, काढे घेऊन ते धुतले जात नाही. काही पीफास तर थायरॉइडचे संप्रेरक वाहणाऱ्या प्रथिनावरची जागाच बळकावतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये पीएफओएला कर्करोगकारक ठरवले.

इटलीतल्या विचेन्झा भागात मिटेनी कारखान्याने लाखो लोकांचे पाणी नासवले. तो 2018 मध्ये बंद पडला, 2025 मध्ये त्याच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. त्याची यंत्रे मात्र 2019 मध्ये विकली गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत आली. तिकडे नको झालेले आपल्याकडे कसे चालते, हे आम्हाला कळत नाही.

नेहमीच्या पाणीतपासणीत पीफास शोधतच नाहीत. ग्रामसभेत अर्ज देताना "पीफासची तपासणी" असे स्पष्ट लिहा. आईच्या दुधातून थोडे पीफास बाळाकडे जाते, तरी अंगावरचे पाजणे थांबवू नका. दुधाचा फायदा मोठा आहे. घरी आरओ असेल तर पीफास बरेच कमी होते, पण त्याच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी स्वयंपाकाला किंवा जनावरांना देऊ नका.