दूरस्थ काम आणि स्थानिक मालमत्ता कर (अमेरिका)

कोविड-१९ च्या साथीनंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कार्यालयापासून दूर राहून काम करणाऱ्यांची संख्या वेगाने वाढली. त्यातून घरांच्या किमतींत वाढ झाली आणि अनेक राज्यांत स्थानिक मालमत्ता कराचा, म्हणजे आपल्याकडील घरपट्टीचा, भार एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे सरकला. या तीन घटनांचा परस्परसंबंध हा या लेखाचा विषय आहे. हा प्रश्न विशेषतः आयडाहो व मोंटाना या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत तीव्र झाला. मॅसॅच्युसेट्समधील बॉस्टन शहरात त्याची उलटी बाजू दिसून आली.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये मुख्यतः घरूनच काम करणाऱ्यांचे प्रमाण ५.७ टक्के होते. २०२१ मध्ये ते १७.९ टक्क्यांवर गेले. पुढे ते काहीसे उतरले, तरी २०२३ मध्येही १३.८ टक्के, म्हणजे साथीपूर्वीच्या दुपटीहून अधिक होते. कचेरीत रोज जाण्याचे बंधन सुटल्यामुळे नोकरी एका शहरात व घर दुसऱ्या राज्यात, अशी व्यवस्था शक्य झाली. सॅन फ्रान्सिस्को किंवा सिअ‍ॅटलचा पगार घेणाऱ्या माणसाला लहान गावातील घराची किंमत स्वस्त वाटते, तर त्या गावातील शिक्षकाला किंवा दुकानदाराला तीच किंमत आवाक्याबाहेरची असते. घर एकच, पण बोली लावणाऱ्या दोघांच्या मिळकती दोन वेगळ्या बाजारपेठांतून आलेल्या असतात.

जॉन मॉन्ड्रागॉन आणि योहानेस वीलंड या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार २०१९ च्या अखेरीपासून दोन वर्षांत अमेरिकेतील घरांच्या किमती सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्या आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाढ दूरस्थ कामामुळे झाली. घरात कामासाठी वेगळी खोली हवी असणे हेही त्यामागील एक कारण होते, त्यामुळे स्थलांतर न करणाऱ्यांचीही मागणी वाढली. गृहकर्जाचे स्वस्त व्याज (तीस वर्षांच्या मुदतीचा दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता) आणि २००८ च्या मंदीनंतर घटलेले बांधकाम ही इतर कारणेही विसरून चालणार नाही. स्थलांतरितांना सरसकट दोष देण्याची स्थानिक प्रवृत्ती या आकडेवारीपुढे पूर्णपणे टिकत नाही.

काही गावांनी तर अशा कामगारांना आमंत्रणच दिले. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात येऊन राहणाऱ्यास दहा हजार डॉलर देण्याची योजना २०१८ मध्ये, साथीच्या आधीच, सुरू झाली होती.

कराची आकारणी

अमेरिकेत शाळा, अग्निशमन दल, ग्रंथालये, रस्ते यांचा खर्च बऱ्याच अंशी मालमत्ता करातून भागतो. स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या कर-उत्पन्नात या कराचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक आहे. काउंटीचा मूल्यनिर्धारक अधिकारी प्रत्येक मालमत्तेचे बाजारमूल्य ठरवतो, त्यातून कायद्याने दिलेल्या सवलती वजा होतात आणि उरलेल्या करपात्र मूल्यावर दर लावला जातो.

घराची किंमत दुप्पट झाली म्हणजे कर दुप्पट होतो, असा सर्वसामान्य समज आहे. बहुतेक ठिकाणी तो चुकीचा आहे. अनेक राज्यांत आधी अंदाजपत्रक ठरते व मग दर काढला जातो. संस्थेला वर्षाला किती रक्कम हवी ते निश्चित होते आणि त्या रकमेला सर्व मालमत्तांच्या एकूण करपात्र मूल्याने भागून दर मिळतो. सर्वांच्या मालमत्ता सारख्याच प्रमाणात महागल्या तर दर तेवढाच उतरतो आणि कुणाचीही पट्टी बदलत नाही.

एक काल्पनिक गाव घेऊ. गावाला वर्षाला दहा लाख डॉलर हवे आहेत. घरांचे एकूण मूल्य सहा कोटी आणि दुकाने-कचेऱ्यांचे चार कोटी आहे. दर एक टक्का पडतो, म्हणजे घरांकडून सहा लाख व दुकानांकडून चार लाख येतात. आता घरांचे मूल्य दुप्पट, म्हणजे बारा कोटी झाले आणि दुकानांचे चार कोटीच राहिले. एकूण मूल्य सोळा कोटी झाल्याने दर ०.६२५ टक्क्यावर उतरतो. तरीही घरांकडून साडेसात लाख आणि दुकानांकडून केवळ अडीच लाख जमा होतात. तीन लाखांचे घर असलेल्याची पट्टी तीन हजारांवरून ३,७५० डॉलर होते. गावाने खर्च एका डॉलरनेही वाढवला नाही, दर उतरला, आणि तरीही घरमालकाची पट्टी पंचवीस टक्क्यांनी वाढली.

२०२० नंतर नेमके हेच घडले. घरांना मागणी वाढली, तर दुकाने व कार्यालये यांची मागणी थंडावली. शिवाय दोन्हींच्या मूल्यांकनाची पद्धतही सहसा वेगळी असते. घराची किंमत शेजारच्या घरांच्या ताज्या विक्रीवरून ठरते, व्यापारी इमारतीची मुख्यतः तिच्या भाड्याच्या उत्पन्नावरून. त्यामुळे घरांच्या बाजारातील तेजी कराच्या यादीत लवकर उतरते.

आयडाहो

२०२० च्या जनगणनेनुसार आयडाहोची लोकसंख्या १८ लाख ३९ हजार होती. त्यापुढील वर्षात २.९ टक्के वाढ नोंदवून हे राज्य देशात सर्वांत वेगाने वाढणारे ठरले. राजधानी बॉइझी ज्या एडा काउंटीत आहे तेथील घरांची मध्यम किंमत २०२० च्या आरंभी साडेतीन लाख डॉलरच्या आसपास होती. २०२२ च्या वसंतात ती सहा लाखांच्या घरात पोहोचली. नवीन आलेल्यांत दूरस्थ काम करणारे होते, तसेच कॅलिफोर्नियातील घर विकून निवृत्तीसाठी आलेलेही होते.

आयडाहोच्या कायद्याने स्थानिक संस्थेचे मालमत्ता कराचे अंदाजपत्रक वर्षाला तीन टक्क्यांहून अधिक (नवीन बांधकाम वगळता) वाढू शकत नाही. तेव्हा उधळपट्टी हे करवाढीचे मुख्य कारण म्हणता येत नाही. खरी गोष्ट 'घरमालक सवलती'त दडलेली होती. स्वतः राहत असलेल्या घराच्या मूल्यापैकी निम्मा भाग, एका कमाल मर्यादेपर्यंत, करमुक्त असतो. २००६ पासून ही मर्यादा घरांच्या किमतीच्या निर्देशांकाशी जोडलेली होती. किमती वाढल्या की मर्यादाही वाढे. २०१६ मध्ये विधिमंडळाने ही जोडणी तोडली आणि मर्यादा एक लाख डॉलरवर गोठवली.

या एका बदलाचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. दोन लाखांच्या घरातील एक लाख करमुक्त, एक लाख करपात्र. त्याच घराची किंमत चार लाख झाल्यावर करमुक्त भाग एक लाखच राहतो आणि करपात्र भाग तीन लाख होतो. किंमत दुप्पट, करपात्र मूल्य मात्र तिप्पट. व्यापारी मालमत्तांना ही सवलत मुळातच नसल्याने त्यांचे करपात्र मूल्य किमतीच्याच प्रमाणात बदलते. परिणामी कराचा भार व्यापाऱ्यांकडून घरमालकांकडे सरकत गेला. ज्यांनी घर विकलेही नाही आणि ज्यांची मिळकत एका पैशाने वाढली नाही, अशा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना हा भार सर्वाधिक जाणवला. कागदावर वाढलेल्या संपत्तीने किराणा येत नाही.

२०२१ च्या अधिवेशनाच्या अखेरीस घाईने संमत झालेल्या एका कायद्याने मर्यादा १ लाख २५ हजारांवर नेली. निर्देशांकाशी जोडणी मात्र पुन्हा केली नाही. त्याच कायद्यात एक विलक्षण तरतूद होती. कमी उत्पन्नाच्या वृद्ध व अपंगांना मिळणारी करसूट, जिला तेथे 'सर्किट ब्रेकर' म्हणतात, घराचे मूल्य काउंटीतील मध्यम मूल्याच्या १२५ टक्क्यांहून अधिक असल्यास नाकारली जाणार होती. म्हणजे बाजाराने ज्यांचे घर सर्वांत जास्त महाग केले, त्यांचाच आधार जाणार होता. विरोधानंतर २०२२ मध्ये ही अट १५० टक्क्यांपर्यंत सैल करण्यात आली. २०२३ मध्ये राज्याच्या शिल्लक निधीतून घरमालकांना सूट देणारा व्यापक कायदा झाला. गव्हर्नर ब्रॅड लिटल यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता, पण विधिमंडळाने तो ओलांडून कायदा संमत केला.

आयडाहोत घराची विक्री किंमत जाहीर करण्याचे बंधन नाही. ज्या राज्यात बाजारभावावर कर आहे तेथे बाजारभाव गुप्त असावा, ही विसंगती मूल्यनिर्धारकांचे काम बरेच कठीण करते.

भाडेकरूंचा विचार या चर्चेत सहसा मागे पडतो. भाड्याने दिलेल्या घराला घरमालक सवलत मिळत नाही. वाढलेला कर भाड्यात मिसळून भाडेकरूकडेच येण्याचा संभव असतो, आणि करसवलतीचा धनादेश मात्र त्याच्या नावाने निघत नाही.

मोंटाना

मोंटानात राज्य सरकार दर दोन वर्षांनी निवासी मालमत्तांचे फेरमूल्यांकन करते. घरांसाठी करपात्र मूल्याचा दर १.३५ टक्के होता. २०२३ च्या फेरमूल्यांकनात घरांचे मूल्य मोठ्या प्रमाणात वाढणार हे आधीच दिसत होते. महसूल विभागाने २०२२ मध्येच विधिमंडळाला कळवले होते की दर ०.९४ टक्क्यावर आणल्यास घरांवरील भार वाढणार नाही. विधिमंडळाने दर तसाच ठेवला आणि त्याऐवजी दोन वर्षे प्रत्येकी ६७५ डॉलरपर्यंतचा परतावा दिला.

शाळांच्या समानीकरणासाठी राज्यभर लावल्या जाणाऱ्या ९५ 'मिल' कराने प्रश्न आणखी चिघळला. मिल म्हणजे करपात्र मूल्याचा हजारावा भाग. हा कर आधी रक्कम ठरवून काढला जात नाही, त्याचा दर स्थिर असतो. त्यामुळे मूल्य वाढले की वसुली आपोआप वाढते. २०२३ च्या शरदात बहुतेक काउंट्यांनी पूर्ण ९५ मिल न आकारता ७७.९ मिलच आकारण्याचे ठरवले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने राज्य सरकारच्या बाजूने निर्णय दिला. अखेर २०२५ मध्ये झालेल्या कायद्यांनी मालक स्वतः राहत असलेल्या घरांचे दर कमी केले व दुसऱ्या घरांवर चढा दर लावला. सुट्टीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या घरांची संख्या पाहता मोंटानात हा भेद अर्थपूर्ण ठरतो.

ओस पडलेली कार्यालये

दूरस्थ कामाने ज्या गावांत माणसे पाठवली त्यांच्याइतकाच प्रश्न ज्या शहरांतून कचेऱ्या ओस पडल्या त्यांचाही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्जुन रमानी व निकोलस ब्लूम यांनी २०२१ मध्ये या प्रवाहाला 'डोनट परिणाम' असे नाव दिले: शहराचा मध्य पोकळ होतो आणि भोवतालचे कडे भरते.

बॉस्टन शहराचे सत्तर टक्क्यांहून अधिक उत्पन्न मालमत्ता करातून येते आणि त्या करातील अर्ध्याहून अधिक वाटा व्यापारी मालमत्तांचा असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० पासून एकूण आकारणीच्या वार्षिक वाढीवर अडीच टक्क्यांची मर्यादा आहे. कार्यालयांचे मूल्य घसरले तर तीच रक्कम घरांकडून वसूल करावी लागते. महापौर मिशेल वू यांनी २०२४ मध्ये व्यापारी मालमत्तांवरील वाटा तात्पुरता वाढवण्याची परवानगी राज्याकडे मागितली. २००४ मध्ये अशी मुभा एकदा मिळाली होती. या वेळी प्रतिनिधिगृहाने प्रस्ताव संमत केला, पण डिसेंबरमध्ये तो सिनेटमध्ये अडकला.

मूल्यवाढीवर मर्यादा

कॅलिफोर्नियाने १९७८ मधील 'प्रस्ताव १३' द्वारे वेगळा मार्ग धरला होता. तेथे मूळ कर मूल्याच्या एक टक्क्यापुरता मर्यादित असून घर विकले जाईपर्यंत करमूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढत नाही. जुन्या रहिवाशाला याने संरक्षण मिळते. मात्र एकसारख्या दोन शेजारी घरांची पट्टी कित्येक पटींनी वेगळी असू शकते आणि घर बदलल्यास स्वस्त पट्टी सहसा गमवावी लागत असल्याने लोक घर सोडत नाहीत. फ्लोरिडात मालक राहत असलेल्या घरांसाठी ही मर्यादा कमाल तीन टक्के आहे.

महाराष्ट्रातील पद्धतीशी तुलना

बृहन्मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर मालमत्ता कर आकारला जातो. हे मूल्य प्रत्यक्ष विक्रीवरून नव्हे, तर शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दरतक्त्यावरून (रेडी रेकनर) काढले जाते. पुण्यात वार्षिक भाडेमूल्यावर आधारित जुनी पद्धत आहे. स्वतः राहत असलेल्या घरांना तेथे मिळणारी ४० टक्के सवलत काही वर्षांच्या खंडानंतर २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. या पद्धतींत बाजारातील तेजी पट्टीत थेट उतरत नाही. तसेच शाळांचा मोठा खर्च राज्य सरकार उचलते, त्यामुळे शेजारच्या सदनिकेचा भाव आणि गावातील शाळेचा निधी यांचा अमेरिकेसारखा घट्ट संबंध येथे जुळलेला नाही.