तारीख चुकली आणि डिस्क हरवल्या

उमरी हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुदखेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ते लागते. २०२२ च्या जूनमध्ये, उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा तेथील एका शाळेच्या विज्ञान शिक्षकांचा आम्हाला फोन आला.

"सर, शाळेचा कॉम्प्युटर सुरूच होईना. दुकानदार म्हणतोय, डिस्क गेल्या, फॉरमॅट मारावं लागंल. मारू देऊ का?"

"गुरुजी, कशालाच हात लावू नका. बंद करून ठेवा. रविवारी आम्ही येतो," एवढेच आम्ही सांगितले.

घाई नको म्हणण्याला कारण होते. २०१६ पासून या शाळेची मुले गावोगावच्या वृद्धांना भेटून हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करीत होती. रझाकारांचा काळ, जानेवारी १९४८ मधली उमरी बँकेवरची कारवाई, १७ सप्टेंबर १९४८ नंतरचे दिवस असे सारे त्यात होते. सांगणाऱ्यांपैकी कित्येक आता हयात नाहीत. आणि हे सर्व त्या एकाच संगणकात होते. दुसरी प्रत का नाही, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "आत तीन डिस्क आहेत ना! एक गेली तरी काही होत नाही, असं सांगितलं होतं."

हे सांगणे खोटे नव्हते, पण अर्धेच होते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी तीन डिस्कचे गणित पाहू.

सम-विषमाचा खेळ

अमेरिकेतील बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एक कल्पना मांडली. एक मोठी महागडी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि एखादी बिघडली तरी माहिती परत मिळेल अशी सोय त्यांतच करावी. अशा डिस्क-संचाला 'रेड' म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. उमरीच्या संगणकात होता त्याला 'रेड-५' म्हणतात.

फळ्यावर अशा तीन ओळी लिहा:

पहिली डिस्क : १ ० १ १
दुसरी डिस्क : ० ० १ ०
तिसरी डिस्क : १ ० ० १

पहिल्या दोन ओळींत खरी माहिती आहे. तिसरी ओळ एका नियमाने भरली आहे: प्रत्येक उभ्या रकान्यातील १ ची संख्या सम आली पाहिजे. आता दुसरी ओळ पुसून टाका आणि मुलांना ती शोधायला सांगा. पहिल्या रकान्यात दोन १ आहेत, म्हणजे तेथे ० होता. तिसऱ्या रकान्यात एकच १ उरला आहे, म्हणजे तेथे १ होता. असे करीत ० ० १ ० ही ओळ जशीच्या तशी परत मिळते. कोणतीही एक ओळ पुसली तरी हे जमते. दोन पुसल्या तर मात्र काहीच हाती लागत नाही.

प्रत्यक्षात ही सम-विषमाची ओळ एकाच डिस्कवर नसते, ती तुकड्या-तुकड्याने तिन्हींवर वाटलेली असते. २ टेराबाइटच्या तीन डिस्क घेतल्या तर माहितीसाठी ४ टेराबाइट जागा मिळते. उरलेली जागा या विम्याचा हप्ता समजा.

घड्याळाने दिलेला धागा

रविवारी संगणक सुरू केला तेव्हा पडद्यावर 'सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश आला. तिन्ही डिस्क एकाच वेळी जळणे शक्य असते, पण सहसा घडत नाही. तेव्हा तिघींना सामाईक असे काय आहे, ते आधी पाहायला हवे. सामाईक गोष्टी तीन: वीज पुरवणारा डबा, मदरबोर्ड आणि त्यावरची मांडणी.

कान लावला तर तिन्ही डिस्क फिरत होत्या, म्हणजे वीज पोहोचत होती. मग बायोसचा पडदा उघडला. तेथे तारीख दिसली १ जानेवारी २०१३!

खरा धागा येथेच सापडला. मदरबोर्डवर एक बटणासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. त्यावर २०३२ हा आकडा असतो. त्यातील २० म्हणजे मिलिमीटरमधला व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. संगणकाची वीज तोडलेली असताना घड्याळ या सेलवर चालते आणि अनेक मदरबोर्डांवर मांडणीही त्याच्याच जोरावर लक्षात राहते. बटण चालू असेल तर सेलवर भार पडत नाही. सुट्टीत भिंतीवरचे बटण दोन महिने बंद होते, आधीच जुना झालेला सेल संपला आणि मदरबोर्ड सारे विसरून मूळपदावर आला. मूळपदी त्याला 'या तीन डिस्क मिळून एक संच आहे' हे ठाऊक नव्हते. त्याला तीन सुट्या, अर्थहीन डिस्क दिसत होत्या.

फॉरमॅट केले असते तर या डिस्कवर नवी मांडणी लिहिली गेली असती आणि संचाच्या खुणा पुसल्या गेल्या असत्या. धडधाकट माहिती आपल्याच हाताने गेली असती.

नवा सेल बसवला, तारीख लावली, बायोसमध्ये डिस्कची पद्धत पुन्हा 'रेड' केली. संच दिसू लागला. गुरुजींनी सुटकेचा निःश्वास सोडला, पण संचाच्या नावापुढे 'अपूर्ण' असा शेरा होता.

चार महिने दोनच डिस्क

तीनपैकी दोनच डिस्क संचात होत्या. तिसरी खरोखर बिघडली की तिची केबल? अशा वेळी प्रयोगशाळेतलाच नियम लावावा: एका वेळी एकच बदल. आधी तिन्ही डिस्कवर पेनाने क्रमांक घातले आणि कोणती कोठे जोडली आहे ते वहीत लिहिले. मग तिसरीची फक्त केबल बदलली. फरक नाही. केबल जुनीच ठेवून मदरबोर्डवरची जागा बदलली. फरक नाही. म्हणजे दोष डिस्कमध्येच होता.

संगणक सुरू झाल्यावर त्यातील नोंदी पाहिल्या. ही डिस्क फेब्रुवारीतच संचातून बाहेर पडली होती! एक विद्यार्थी म्हणाला, "सर, चालू करताना काहीतरी इंग्रजी अक्षरं यायची, पण पुढं सगळं नीट चालायचं."

या साऱ्या प्रकरणाचा धडा त्या वाक्यात आहे. डिस्क-संच आपले काम इतके चोख करतो की एक डिस्क मेल्याचे कोणाला कळतच नाही. जो गुण आपल्याला वाचवतो तोच दोष झाकतो. चार महिने ही शाळा विम्याशिवाय चालली होती. आणखी एक डिस्क गेली असती तर आठवणीही गेल्या असत्या.

बाहेर पडलेली डिस्क जबरदस्तीने परत संचात घ्यायचा मोह होतो. तो टाळावा. तिच्यावरची माहिती फेब्रुवारीतच थांबलेली असते. जुने आणि नवे मिसळले की सम-विषमाचा हिशेब बिनसतो.

आधी प्रत, मग दुरुस्ती

नवी डिस्क बसवली की संच तिच्यावरची माहिती गणिताने पुन्हा भरतो. त्यासाठी उरलेल्या दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. २ टेराबाइट म्हणजे २ लाख कोटी बाइट. सेकंदाला १५ कोटी बाइट या वेगाने वाचले तरी सुमारे १३,३०० सेकंद, म्हणजे पावणेचार तास लागतात. त्या दोन डिस्क तिसरीबरोबरच विकत घेतलेल्या, तेवढ्याच जुन्या. हे श्रम त्यांना पेलतीलच असे नाही. म्हणून नव्या डिस्कला हात लावण्याआधी सर्व ध्वनिमुद्रणे बाहेरच्या एका डिस्कवर उतरवून घेतली. मध्ये एकदा वीज गेली, पण संगणक इन्व्हर्टरवर होता.

प्रत झाली की ती उघडून पाहावी. आम्ही एक ध्वनिमुद्रण लावले. एक आजी रात्रीच्या अंधारात शेतात लपल्याचे सांगत होत्या. गुरुजी हळूच म्हणाले, "मागच्या वर्षी गेल्या." ते संपेपर्यंत कोणी उठले नाही.

शाळेत असा संच असेल तर महिन्यातून एकदा 'तिन्ही डिस्क जागेवर आहेत का' हे पाहण्याचे काम दोन विद्यार्थ्यांना द्या. चुकीची तारीख दिसली तर सेल लगेच बदला. आणि माहितीची एक प्रत शाळेबाहेर, दुसऱ्या छपराखाली ठेवा. चुकून पुसलेली फाइल, चोरी, वीज कोसळणे यांपुढे संच असहाय असतो: आपण एका डिस्कवरून पुसले की तिन्हींवरून पुसले जाते.

फळ्यावरचा खेळ संपल्यावर मुलांना एक प्रश्न द्या: ओळ पुसली गेली आहे हेच कोणाला कळले नाही, तर ती परत कोण लिहील?