देवणीचा पांढरा, कंधारीचा लाल

दिवाळीला शहरातली मंडळी गावी जातात आणि वसुबारसेच्या तिन्हीसांजेला गाय-वासराचा फोटो घरोघर निघतो. पण पाहावे तो पांढरीशुभ्र गाय राखेत लोळून आल्यासारखी, आणि गोठ्याच्या अंधारात रंगीत वाळू उधळल्यासारखे दाणे!

याचे कारण असे, की कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला ना गाय कळत, ना म्हैस. समोरची वस्तू मध्यम करड्या छटेची आहे, असे तो धरून चालतो. म्हणून पांढरे जनावर काळवंडते आणि काळी म्हैस राखी होते. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढवावे. काळ्यासाठी तेवढेच उतरवावे.

लातूरकडची देवणी इथे खरी परीक्षा घेते. तिच्यातल्या शेवरा प्रकारात पांढऱ्या अंगावर काळे डाग असतात. अशा वेळी पांढरा सांभाळावा. काळ्यातले थोडेफार मागाहून उजळता येते. जळालेला पांढरा मात्र परत येत नाही. नांदेडच्या लाल कंधारीला उन्हात जरा कमीच एक्स्पोजर द्यावे, नाहीतर तिचा लाल रंग सपाट होऊन अंगावरची झाक हरवते.

आता दाण्यांविषयी. सगळा दोष आयएसओच्या माथी मारतात, पण मूळ कारण अपुरा प्रकाश. आयएसओला भिऊन काळोखा फोटो काढायचा आणि घरी येऊन उजळायचा, यात दाणे उलट अधिकच उठून दिसतात. त्यापेक्षा हात न हलवता शटर सावकाश ठेवावे. रवंथ करणाऱ्या गायीला १/६० सेकंद पुरते. माळेगावच्या यात्रेतल्या उधळत्या घोड्याला मात्र १/५०० हवे. जनावर स्वस्थ असेल तर चार फोटो एकावर एक मिळवल्याने दाणे निम्म्यावर येतात. मोबाइलची रात्रीची सोय साधारण हेच करते.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सूर्य मावळण्याआधी गाय अंगणात आणावी! फ्लॅश नकोच, जनावर बिचकते आणि डोळे दिव्यासारखे चमकतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. तर रंग हीच या जनावरांच्या जातीची ओळख आहे. गाय म्हातारी होते, बैल बाजारात जातो, मागे राहतो तो फोटो. उद्या नातवंडांनी ‘ही कुठल्या जातीची?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर फोटोनेच द्यायचे आहे.