चार हजार गिऱ्हाइकांचा धंदा

मोजक्यांनाच आवडणारा रोल-प्लेइंग गेम विकताना मुख्य अडचण गिऱ्हाईक विखुरलेले असण्याची असते. पानेच्या पाने संवाद वाचणारा, आकड्यांची जुळवाजुळव करत पात्र घडवणारा आणि जुनाट चित्रे चालवून घेणारा खेळाडू जगभर सापडतो, पण गावात एखादाच. त्याच्यासाठी सरसकट जाहिरात करणे परवडत नाही. तो जिथे आपणहून शोधत येतो, तिथे नेमकी पाटी लावावी लागते.

सिएटलच्या स्पायडरवेब सॉफ्टवेअरचा हिशेब याबाबतीत बोलका आहे. जेफ व्होगेल यांचा पहिला गेम ‘एक्झाइल’ 1995 मध्ये शेअरवेअर म्हणून आला: सुरुवातीचा भाग फुकट, पुढचा हवा असेल तर पैसे. फुकटचा भाग हीच जाहिरात. 2009 मध्ये व्होगेल यांनी ‘जेनफोर्ज 4’चा जमाखर्च जाहीर केला. खर्च सुमारे 1,20,000 डॉलर, किंमत 28 डॉलर आणि तोवरची विक्री जेमतेम 4,000 प्रतींची. खर्च जवळपास भरून आला होता आणि विक्री चालूच होती. साध्या चित्रांच्या गेमला 28 डॉलर हा भाव चढा वाटेल, पण गिऱ्हाईक थोडे असताना स्वस्त विकून भागत नाही.

2017 पासून ‘स्टीम’ या ऑनलाइन गेम-दुकानात 100 डॉलर भरून कोणालाही गेम विकायला ठेवता येतो, त्यामुळे तिथे आता तोबा गर्दी आहे. म्हणून गेमचे पान प्रकाशनाच्या कितीतरी महिने आधी उघडतात. पाहणारा गेम विशलिस्टमध्ये टाकतो आणि गेम आला की स्टीम त्याला मेल पाठवते. कमी पैशातली जवळजवळ सगळी मेहनत ही यादी वाढवण्यासाठी असते.

पानावरचे सर्वांत महागडे काम सर्वांत लहान चित्राचे. याद्यांमध्ये ते चिंचोळ्या पट्टीसारखे दिसते. किल्ला, ड्रॅगन आणि चार वीर असे भरगच्च चित्र त्या आकारात नुसता डाग होते; ठळक नाव आणि एखादा चेहरा एवढेच टिकते. चित्रकाराला पैसे द्यायचेच तर इथे द्यावेत. खालच्या दोन ओळींत ‘अविस्मरणीय महागाथा’ लिहिणे म्हणजे जागा फुकट घालवणे. त्याऐवजी ‘चौघांची टोळी, टर्न-बेस्ड लढाई, मेलेले पात्र परत येत नाही’ असे लिहावे. हे वाचून निम्मे लोक निघून जातात. जाऊ द्यावेत. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम 14 दिवसांत परत करता येतो आणि फसल्यासारखे वाटलेला माणूस वाईट अभिप्रायही ठेवून जातो. गेमचा प्रकार सांगणाऱ्या टॅगचेही तेच. नुसता ‘आरपीजी’ (रोल-प्लेइंग गेम) टॅग छोट्या गेमला बड्यांच्या रांगेत उभा करतो. ‘पार्टी-बेस्ड’, ‘सीआरपीजी’ असे नेमके टॅग त्याला त्याच्या भाऊबंदांत नेऊन बसवतात.

मग डेमो. ‘अंडरटेल’ या आरपीजीचा डेमो 2013 मध्ये आधी लोकांच्या हाती पडला, मग किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर 5,000 डॉलर मागितले गेले, जमले 51,000 हून अधिक. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट हा डेमोंचा मेळा वर्षातून तीनदा भरतो, पण एका गेमला तिथे एकदाच जाता येते. त्यामुळे कच्चा डेमो घेऊन जाणे म्हणजे हातची संधी घालवणे. आरपीजीचा डेमो कापणे मुळातच अवघड, कारण पहिला तास बहुधा तळघरातले उंदीर मारण्यात जातो. परिणाम लगेच दिसेल असा एखादा निर्णय पहिल्या अर्ध्या तासात आणावा लागतो, मग त्यासाठी कथेची सुरुवात मोडावी लागली तरी चालेल.

यूट्यूबवर याच प्रकारचे गेम खेळून दाखवणाऱ्यांना फुकट ‘की’ (गेम उघडण्याचे कोड) पाठवतात. इथे भामटेही पुष्कळ. नामांकित चॅनेलच्या नावाने चार-पाच की मागणारा मेल आला, तर पत्ता चॅनेलच्या पानावरील पत्त्याशी ताडून पाहावा; अशा की सहसा परस्पर विकल्या जातात.

स्टीमवर दहा अभिप्राय होईपर्यंत गेमला एकत्रित शेरा मिळत नाही आणि फुकट की घेतलेल्यांचे अभिप्राय त्यात धरले जात नाहीत. म्हणजे मित्रमंडळींना गेम वाटून काम होत नाही. पुढची कमाई सवलतींवर चालते: 20 टक्के किंवा जास्त सूट दिली की विशलिस्टवाल्यांना पुन्हा मेल जातो. स्पायडरवेबने तर जुना मालच नव्याने घडवला. ‘एक्झाइल’ 2000 मध्ये ‘अव्हर्नम’ म्हणून आला आणि 2011 मध्ये तोच पुन्हा नव्याने बांधून विकायला निघाला.