मालमोटारीच्या इंजिनाचे हेड गॅस्केट व त्याची निगा

दिवाळी सरली की अकलूजच्या परिसरात ऊसतोडणीची लगबग सुरू होते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यात उसाचे मोठे क्षेत्र आहे. माळीनगर येथे १९३२ साली स्थापन झालेली सासवड माळी शुगर फॅक्टरी आणि शंकरनगर येथील सहकारी साखर कारखाना यांकडे हा ऊस बैलगाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारी यांतून जातो. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. विलंब झाल्यास त्याचे वजन घटते व साखरेचा उतारा कमी होतो. यास्तव भरलेली मालमोटार वाटेत बंद पडली, तर मालकाबरोबर ऊस उत्पादकाचेही नुकसान होते आणि तोडणी टोळीचा खोळंबा होतो तो निराळाच.

इंजिनाचे हेड गॅस्केट उडणे हे अशा मोठ्या बिघाडांपैकी एक होय. पुष्कळदा गॅस्केटच वाईट निघाले असे समजून नवे बसविले जाते व तेही थोड्याच दिवसांत उडते. वस्तुतः गॅस्केटमध्ये मूळ दोष क्वचितच असतो. इंजिन कोठेतरी अवाजवी तापत असते व त्याचा परिणाम गॅस्केटवर दिसतो. हे ध्यानी घेतले म्हणजे पुढील सर्व उपाय सहज समजतील.

गॅस्केटचे कार्य

इंजिनाचा ब्लॉक व त्यावरील हेड यांच्या सांध्यात गॅस्केट दाबून बसविलेले असते. सिलिंडरमधील वायू, थंडाव्याचे पाणी व वंगणाचे तेल या तिघांना परस्परांत मिसळू न देणे हे त्याचे काम. डिझेल इंजिनात हवा सुमारे सोळा ते अठरा पट दाबली जाते. अधिक अश्वशक्तीच्या, टर्बो बसविलेल्या इंजिनात ज्वलनाच्या क्षणी दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅमच्याही वर जाऊ शकतो. इंजिन प्रमाणाबाहेर तापले की हेड वाकते, बोल्टांची पकड असमान होते आणि सांध्यात फट पडून वायू पाण्यात शिरतो.

पाण्याची निवड

ज्या विहिरीच्या पाण्याने चुलीवरील भांड्याच्या तळाशी पांढरी खपली धरते, ते पाणी रेडिएटरमध्ये कदापि घालू नये. तीच खपली इंजिनाच्या जलमार्गातही धरते. लोखंडाच्या मानाने तिच्यातून उष्णता फारच मंद गतीने वाहते; परिणामी काट्यावर तापमान ठीक दिसत असतानाही हेडचा काही भाग आतून भाजत राहतो. कालव्याच्या भिजवणीखालील पुष्कळ विहिरींचे पाणी क्षारयुक्त असल्याने ही दक्षता येथे विशेष आवश्यक आहे.

निर्मात्याने सांगितलेले कूलंट व क्षारविरहित पाणी सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे. कूलंटमुळे गंज रोखला जातो, पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो व लायनरला बाहेरून पडणारी बारीक छिद्रे टळतात. दर खेपेस नुसते पाणी ओतत गेल्यास हा गुण नाहीसा होतो. पुष्कळ कूलंटांतील ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले अथवा काढलेले कूलंट मुले, गुरे व कुत्री यांच्यापासून दूर ठेवावे. ओढ्यात वा पाटात सोडू नये.

इतर कारणे

(१) उसाचे पाचट व धूळ रेडिएटरच्या जाळीत बसून हवा अडते. जाळी आठवड्यातून एकदा, इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवावी. फार जोराच्या धारेने तिच्या पात्या वाकतात.

(२) रेडिएटरचे झाकण सैल झाल्यास पाण्यावरील दाब टिकत नाही. सुमारे एक किलोग्रॅम दाबाच्या झाकणाखाली पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. तेच उघड्यावर १०० अंशांस उकळते. म्हणून झाकण साधे दिसले तरी ते योग्य दाबाचेच असावे.

(३) थर्मोस्टॅट काढून टाकणे हा तापण्यावरील इलाज नव्हे. त्यायोगे इंजिन योग्य तापमानास येत नाही आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून वाहू लागते.

(४) अधिक ताकद मिळावी म्हणून पंपाचे डिझेल वाढविणे वा टर्बोचा दाब वाढविणे म्हणजे गॅस्केटवर नसता भार घालणे होय. मर्यादेपेक्षा अधिक ऊस भरून वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडत चालविल्यानेही हेच घडते.

(५) पंख्याचा पट्टा, वॉटर पंप व पाण्याच्या नळ्या यांची तपासणी हंगामापूर्वीच करावी.

तापमान वाढल्यास

काटा वर चढू लागताच वेग कमी करून गाडी बाजूस घ्यावी. पाणी शाबूत असेल तर इंजिन काही मिनिटे भाराविना मंद चालू द्यावे. पाणी गळून गेले असेल तर ते तत्काळ बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास वाफेने हात व तोंड भाजते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला चीर जाते. पूर्ण निवू द्यावे, मगच पाणी भरावे.

ओळखण्याची लक्षणे

बाहेर गळती नसता पाणी कमी होणे, इंजिन चालू असता पाण्यात सतत बुडबुडे येणे, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची रेडिएटरची नळी सकाळी ताठ लागणे, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत राहणे, अथवा तेल दुधाळ होणे, यांपैकी काहीही आढळल्यास गाडी चालवू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचले असता स्टार्टर मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. तेल दुधाळ होण्यास ऑइल कूलर अथवा लायनरचे सीलही कारण असू शकते. म्हणून हेड खोलण्यापूर्वी दाब तपासून घ्यावा.

नवे गॅस्केट बसविताना

हेडची पातळी सरळपट्टीने तपासावी. लायनर ब्लॉकच्या वर किती उठला आहे ते मोजावे. हे माप मिलिमीटरच्या शतांशात असते. बोल्टांची भोके कोरडी व स्वच्छ करावीत; आत तेल वा पाणी राहिल्यास बोल्टाची पकड खोटी दिसते. ताणून बसविण्याचे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत, अंदाजाने नव्हे. पुन्हा आवळावयाचे की नाही हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी वाहनधारकांची बैठक घेऊन या बाबी प्रत्यक्ष दाखवाव्यात. रोज सकाळी इंजिन थंड असता पाणी, तेल व पट्टा पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे वाचविण्याच्या नादात ऐन गाळपात गाडी आठवडाभर उभी राहते आणि तोडलेला ऊस फडातच वाळत पडतो.