अकराव्या खुर्चीसाठी चौदा वर्षं

26 ऑक्टोबर 2025 ला क्वालालंपूरमध्ये तिमोर-लेस्ते, म्हणजे पूर्व तिमोर, आसियानचा अकरावा सदस्य झाला. आसियान ही आग्नेय आशियातल्या देशांची संघटना, 1967 साली पाच देशांनी सुरू केलेली. आपल्या फरसाणातलं पामतेल बहुतेक तिच्याच दोन सदस्यांकडून येतं, इंडोनेशिया आणि मलेशियाकडून. भारताशी तिचा मालाच्या व्यापाराचा करारही 2010 पासून लागू आहे. म्हणून बातमी दूरची असली तरी समजून घेऊ या.

देश किती छोटा? 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आत. आपल्या नवी मुंबईची 2011 मध्येच अकरा लाखांवर होती! गोव्यासारखी तिथेही पोर्तुगीज सत्ता. 1844 पर्यंत तिमोरचा कारभार गोव्यातूनच चालायचा. 1975 मध्ये पोर्तुगीज निघाले आणि इंडोनेशियाचं सैन्य शिरलं. 1999 च्या सार्वमतात 78 टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिला, ते मिळालं 20 मे 2002 ला. लोक जवळपास सगळे कॅथलिक, पण त्या दिवशी पंतप्रधान झाले मारी अल्कातिरी, मुस्लिम, पूर्वज येमेनच्या हद्रमौतचे. आपल्या कोकणातही अरबस्तानातून आलेल्या पूर्वजांच्या गोष्टी घराघरांत सांगतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आसियानकडे अर्ज केला 2011 मध्ये. ज्या इंडोनेशियाने चोवीस वर्षं ताबा ठेवला, त्यानेच पाठिंबा दिला. अडलं ते तयारीवर. सिंगापूरसारख्या सदस्यांची शंका सरळ होती: एवढ्या लहान देशाला हे झेपेल का? आसियानच्या वर्षाला हजारावर बैठका होतात, वर्गणी सगळ्यांना सारखी. शिवाय सगळं काम इंग्रजीत. तिमोरच्या राजभाषा मात्र तेतुम आणि पोर्तुगीज. घरी एक, शाळेत दुसरी, नोकरीच्या कागदावर तिसरी, हे आपल्या उर्दू-मराठी घरांना वेगळं सांगायला नको. माणसं शिकवून तयार करायची तर वर्षं जाणारच.

तत्त्वतः होकार 2022 मध्ये आला, पुढच्या वर्षी करायच्या कामांची यादी हातात पडली.

आता खरी परीक्षा बाजाराची. देश आजवर तेल-वायूच्या पैशावर चालला, आणि बायू-उंदान क्षेत्रातलं उत्पादन थांबलंय. तेल सोडलं तर बाहेर विकायला मुख्यतः कॉफी. जकात उतरली की थायलंड, व्हिएतनामचा स्वस्त माल येईल. तिथल्या छोट्या कारखानदाराचं काय, ही काळजी आम्हाला रास्त वाटते. सदस्यत्वाने बाजार उघडतो, पण दोन्ही बाजूंनी.

मिळालं काय? आसियानमध्ये निर्णय मतदानाने नाही, सर्वसहमतीने होतात. म्हणजे अठ्ठावीस कोटींच्या इंडोनेशियाइतकाच दिलीचाही शब्द. याच आसियानमध्ये म्यानमारही आहे. तिथल्या लष्कराच्या विरोधकांशी दिलीच्या सरकारने भेटीगाठी घेतल्या, म्हणून 2023 मध्ये म्यानमारने तिमोरच्या राजदूतावासातल्या प्रमुखाला देशाबाहेर काढलं होतं. रोहिंग्यांचा विषय आता निघेल तेव्हा त्या टेबलावर हा देशही बसलेला असेल.